इंग्रजी शब्दांची भावकी

नवा रायपुरात 2012 साली मंत्रालय हलले, त्यामागोमाग संचालनालये आणि इतर सरकारी दप्तरेही तिकडे गेली, आणि तात्यापारा, चौबे कॉलनी यांसारख्या जुन्या रायपुरातील वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींच्या महत्त्वाकांक्षेने साहजिकच तोच रस्ता धरला. या मुलामुलींची भाषिक परिस्थिती महाराष्ट्रातील त्यांच्या चुलत-मावस भावंडांहून बरीच निराळी आहे. कारण घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, भाजीबाजारात व खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांशी छत्तीसगढी, आणि परीक्षेच्या पत्रिकेत व पुढे नोकरी लागल्यास नस्तीवरील टिपणीत इंग्रजी, असा चार भाषांचा व्यवहार त्यांना एकाच दिवसात सांभाळावा लागतो. त्यांपैकी पहिल्या तीन भाषा कानावाटे आपोआप येतात. चौथी मात्र डोळ्यांवाटे, म्हणजे पुस्तकातून, मिळवावी लागते, आणि ती मिळवण्याची जी रीत सध्या सर्वत्र रूढ आहे ती इतकी कष्टप्रद आणि इतकी निष्फळ आहे की, तिच्याऐवजी दुसरी कोणती स्वीकारावी, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

रूढ रीत यादीची आहे. शब्दसंग्रहाच्या कोणत्याही पुस्तकाचे पहिले पान उघडावे, तर अ‍ॅब्डिकेट म्हणजे पदत्याग करणे, अ‍ॅब्‌हॉर म्हणजे तिटकारा वाटणे, अब्रप्ट म्हणजे एकाएकी घडणारे, अ‍ॅब्सॉल्व्ह म्हणजे दोषमुक्त करणे, अशी ए-बी या दोन अक्षरांनी आरंभ होणाऱ्या शब्दांची रांग लागलेली दिसते, आणि विद्यार्थी ती रांग पाढ्यांप्रमाणे घोकू लागतो. आता या चारही शब्दांतील ए-बी हा 'पासून दूर' अशा अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, हे खरे. परंतु उपसर्ग एक असल्याने शब्द एका कुळातले ठरत नाहीत. अब्रप्टची खरी भावकी शोधायची तर ती आर-यू-पी-टी या शेवटच्या चार अक्षरांत शोधली पाहिजे. या अक्षरांचा मूळ अर्थ 'फोडणे, तोडणे'. म्हणून बोलण्याची साखळी तुटते तेव्हा इंटरप्ट, नीती आतून फुटते तेव्हा करप्ट, ज्वालामुखी फुटून बाहेर पडतो तेव्हा इरप्ट, अवयवाला चीर जाते तेव्हा रप्चर, आणि सावकाराची पेढी मोडते तेव्हा बँकरप्ट. वर्णानुक्रमाच्या यादीत हे सहा शब्द सहा निरनिराळ्या पानांवर पडतात, एकमेकांना कधी भेटत नाहीत, आणि म्हणून स्मरणातही राहत नाहीत.

वर्णानुक्रम हा शब्द हुडकण्यासाठी आहे, शिकण्यासाठी नव्हे, आणि आपल्या पूर्वसूरींना हा भेद उत्तम ठाऊक होता. अमरकोशात शब्दांची मांडणी स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग अशी अर्थाच्या वर्गांनी केलेली आहे, आणि जेथे एका शब्दाचे अनेक अर्थ सांगावयाचे त्या नानार्थवर्गात ककारान्त, खकारान्त, गकारान्त अशी शब्दाच्या अंत्य व्यंजनावरून केलेली आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशातही फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देताना हीच वर्गपद्धती अंगीकारलेली आहे. छत्तीसगडच्या मराठी माणसाला तर याहूनही जवळचे उदाहरण देता येईल. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढणारे आणि पुढे लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्रातील इंग्रजी संज्ञांना हिंदी प्रतिशब्द देण्याचे काम केले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी आणि समोर इंग्रजी शब्द, ही जी त्यांची बैठक होती तीच आज रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याची आहे. मग जो शिरस्ता कोशकारांना उपयोगी पडला तो विद्यार्थ्याने का टाकावा?

शिवाय मराठी वाचकाला ही विद्या नवी मुळीच नाही. 'हृ' म्हणजे हरण करणे, नेणे, या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द झाले, आणि धातू तोच असून केवळ उपसर्ग बदलताच जेवणाचा मार होतो आणि फिरण्याचा नाश होतो, ही गंमत शाळेत आपण सर्वांनी पाहिलेली असते. दार, नामा, खाना ही फारसी शेपटे जोडून झालेले फौजदार, जमीनदार, वकालतनामा, करारनामा, कारखाना, तोफखाना हे शब्दही आपल्याला कधी एकेक करून पाठ करावे लागले नाहीत. इंग्रजी भाषा आपले कारभाराचे, कायद्याचे आणि शास्त्रांचे बहुतेक शब्द लॅटिन व ग्रीक धातूंवर याच रीतीने घडवते. आणि त्या धातूंपैकी कितीतरी आपल्या संस्कृत धातूंचे सख्खे भाऊ आहेत, ही गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या व्याख्यानात सूचित केल्यापासून विद्वानांत मान्य झालेली आहे. विद्यार्थ्याने मात्र तिचा उपयोग अद्याप करून घेतलेला नाही.

आरंभ एस-पी-ई-सी-टी या पाच अक्षरांपासून करावा, कारण हे कुळ मोठे आहे आणि त्याचा अर्थ सोपा आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'पाहणे'. संस्कृतात गुप्तहेराला 'स्पश' म्हणतात तो शब्द, आणि आपले 'पश्यति' हे रूप, त्याच मुळाचे. आत डोकावून पाहणे ते इन्स्पेक्ट, म्हणजे तपासणी करणे; मागे वळून पुन्हा पाहावेसे वाटणे ते रिस्पेक्ट, म्हणजे आदर; खालून, तिरक्या नजरेने पाहणे ते सस्पेक्ट, म्हणजे संशय घेणे; पुढे पाहणे ते प्रॉस्पेक्ट, म्हणजे भावी काळातील आशा, आणि महाविद्यालयात प्रवेशापूर्वी जे माहितीपत्रक विकत घ्यावे लागते ते प्रॉस्पेक्टस; चहूकडे पाहून पाऊल टाकणारा सावध माणूस तो सर्कमस्पेक्ट; गतकाळाकडे दृष्टी टाकणे ते रेट्रॉस्पेक्ट; आणि नुसताच पाहत बसतो तो स्पेक्टेटर, म्हणजे प्रेक्षक. एक्स्पेक्ट या शब्दात एस हे अक्षर दिसत नाही, कारण आधीच्या एक्सच्या उच्चारात ते विरून गेले. पण वाट पाहणे हा अर्थ ज्याने ध्यानात घेतला त्याला त्याचे गोत्र सांगावे लागत नाही.

याच कुळातील काही शब्दांत टी गळून ई-सी चे आय-सी होते: कॉन्स्पिक्युअस म्हणजे चटकन नजरेत भरणारा, सस्पिशन म्हणजे संशय. आणि एक शब्द असा आहे की, तो येथे सापडेल अशी कोणाची अपेक्षा नसते. मराठी निमंत्रणपत्रिकेत ज्याला आपण 'अमुक संस्थेच्या विद्यमाने' म्हणतो त्याला इंग्रजीत 'अंडर द ऑस्पिसेस' असे म्हणतात. त्यातील ऑस्पिसेसचा मूळ अर्थ पक्ष्यांचे उड्डाण पाहून शकुन काढणे असा आहे, कारण रोमन लोक त्याखेरीज मोठ्या कार्यास हात घालीत नसत. त्या शब्दातील एस-पी-आय-सी ही अक्षरे म्हणजे पाहण्याचाच धातू. मसाल्याला स्पाइस म्हणतात तोही याच भावकीतला, कारण तो स्पीशीज, म्हणजे 'रूप, प्रकार, जिन्नस', या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. हा तपशील परीक्षेत कोणी विचारणार नाही, हे मी जाणून आहे. तथापि असा एखादा जिन्नस पुडीत बांधून घेतला म्हणजे इतर सहा-सात शब्द त्याच्या वासाने स्मरणात राहतात.

दुसरे कुळ डी-आय-सी-टी चे, आणि नवा रायपुरात हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ असल्यामुळे तेथे प्रवेश इच्छिणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ ते न्यायमूर्ती हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी हायस्कुलात शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पुढे गेले आणि अखेर देशाचे सरन्यायाधीश झाले. लॅटिनमध्ये या धातूचा अर्थ 'बोलणे', त्याहून जुना अर्थ 'दाखवणे'. आपला 'दिश्' धातू तोच. त्यामुळे आदेश, निर्देश, उपदेश, संदेश ही आपली चौकडी आणि इंग्रजीतील डिक्टेट, म्हणजे सांगून लिहवून घेणे किंवा हुकूम सोडणे, प्रिडिक्ट, म्हणजे भाकीत करणे, कॉन्ट्रडिक्ट, म्हणजे विरुद्ध बोलणे, ईडिक्ट, म्हणजे फर्मान, ही चौकडी समोरासमोर मांडली की, दोन्ही भाषांत एकाच कुटुंबाने संसार थाटलेला दिसतो. पंचांचा किंवा ज्यूरीचा निवाडा तो व्हर्डिक्ट, म्हणजे 'खरे बोललेले'. कायद्याचा शब्द जेथवर चालतो ते ज्युरिस्डिक्शन, म्हणजे अधिकारक्षेत्र. जज्ज या शब्दाच्या मुळाशीही 'कायदा सांगणारा' हाच अर्थ असून ज्युडिशियल या विशेषणातील डी-आय-सी मध्ये तो आजही वाचता येतो. ज्यातील सी आणि टी दोन्ही मूक असावीत अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते, तो आरोप ठेवणे या अर्थाचा इंडाइट मात्र टी स्पष्ट उच्चारतो; मूक असते ती केवळ सी. लिहिताना ती विसरू नये, कारण हा शब्द डिक्शनरीचा भाऊ आहे एवढे आठवले तरी ती सी जागेवर येते. राहिला अ‍ॅडिक्ट. रोममध्ये कर्जबुडव्या ऋणकोला न्यायाधीश हुकूम देऊन सावकाराच्या स्वाधीन करी, अशा सुपूर्द केलेल्या माणसाचे ते नाव. दारूच्या स्वाधीन झालेल्याला ते पुढे चिकटले. रायपूरच्या एखाद्या पानठेल्यावर कोणी त्याचा संबंध अड्ड्याशी जोडून दाखवल्यास हसावे आणि वहीत लिहू नये.

श्रद्धा आणि क्रेडिट हे शब्द एका मुळाचे आहेत, ही गोष्ट बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून पटणे थोडे कठीण, परंतु सी-आर-ई-डी चा अर्थ 'विश्वास ठेवणे' असाच आहे. या कुळात घोटाळा होतो तो तीन विशेषणांचा. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. क्रेड्युलस म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा, भाबडा. क्रेडिटेबल म्हणजे श्रेयास पात्र, वाखाणण्याजोगा. साक्षीदार क्रेडिबल असावा, पंच क्रेड्युलस नसावा, आणि तपासअंमलदाराची कामगिरी क्रेडिटेबल असावी. तद्वत गोष्ट इन्क्रेडिबल असते आणि ती ऐकणारा इन्क्रेड्युलस. ही अदलाबदल पदवीधरांच्या लेखनातही सर्रास आढळते. व्ही-ओ-सी म्हणजे आपली वाचा: व्होकल, व्होकॅब्युलरी, मदतीला बोलावलेला तो अ‍ॅडव्होकेट, पदवीदानाला सर्वांना एकत्र बोलावणे ते कॉन्व्होकेशन. क्रियापदांत हीच सी बदलून के होते. म्हणून परवाना परत बोलावणे, म्हणजे रद्द करणे, ते रिव्होक, आणि डिवचून पुढे बोलावणे ते प्रव्होक.

सरकारी लेखनात ज्यांचे शुद्धलेखन सर्वाधिक चुकते ते शब्द सी-ई-डी-ई चे, आणि त्यांचा नियम इतका आटोपशीर आहे की, तो न शिकवला जाण्याचे आश्चर्य वाटते. या धातूचा अर्थ 'जाणे'. पुढे होऊन जाणे ते प्रिसीड, मागे हटणे ते रिसीड, हक्क सोडून देणे ते कन्सीड, दोघांच्या मध्ये पडणे ते इंटरसीड, संघराज्यातून फुटून जाणे ते सिसीड. हे सगळे सी-ई-डी-ई असेच लिहावेत. याला अपवाद तीन, आणि तीनच: प्रोसीड, सक्सीड, एक्सीड, त्यांत दोन ई शेजारी बसून शेवटी डी येते. उच्चाराने या सर्वांचा भाऊ वाटणारा सुपरसीड मात्र या घरचा नाहीच. त्यात सी नसून एस आहे, कारण त्याचा धातू 'बसणे' हा, आपला 'सद्', जो सभासद, संसद आणि उपनिषद यांत आहे. एखाद्याच्या डोक्यावर दुसरा आणून बसवणे म्हणजे सुपरसीड. ज्येष्ठता डावलून कनिष्ठाला बढती मिळाली, किंवा नव्या परिपत्रकाने जुने रद्द झाले, की हा शब्द नस्तीवर येतो, आणि मूळ अर्थ ठाऊक असलेला माणूस त्याचे शुद्धलेखन जन्मात चुकत नाही. सर्वांच्या पुढे बसलेला तो प्रेसिडेंट, न्यायालयाची बैठक ती सेशन, न्यायाधीशाच्या शेजारी बसून कराची रक्कम ठरवणारा तो असेसर, आणि पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ तो सेडिमेंट. हे त्याचे खरे सोयरे.

इंग्रजीतील मूक अक्षरांवर आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले आहेत. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला अक्षर लिहावे पण उच्चारू नये हा प्रकार पोरकट वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु एका शब्दात मुकी असलेली अक्षरे भावकीतल्या दुसऱ्या शब्दात बोलू लागतात, हे ध्यानात घेतले तर तीच मोठी उपयोगी पडतात. साइनमधील जी गप्प असते आणि सिग्नेचरमध्ये बोलते. कंडेममधील शेवटचे एन कंडेम्नेशनमध्ये, बॉमचे बी बॉम्बार्डमध्ये, मसलमधील सी मस्क्युलरमध्ये ऐकू येते. कर्ज या अर्थाच्या शब्दात जे बी निष्कारण घुसलेले वाटते ते जमाखर्चाच्या डेबिटमध्ये ऐकू येते, आणि शंका या अर्थाच्या डाउटमधील बी ड्युबिअस, म्हणजे संशयास्पद, या शब्दात शाबूत आहे. ही दोन्ही बी मध्ययुगीन इंग्रजीत नव्हती, ती लॅटिनच्या अभिमान्यांनी पुढे मुद्दाम आणून बसवली. पावतीच्या रिसीटमधील पी त्याच गटातले. रिसेप्शन आठवा, म्हणजे ते विसरणार नाही. याहून जुनी हकीकत के-एन आणि जी-एन या जोड्यांची. नो, म्हणजे जाणणे, यातील के पूर्वी उच्चारले जाई. इग्नोरन्स, रेकग्नाइज, डायग्नोसिस यांतील जी-एन त्याचीच दुसरी शाखा. आणि आपला 'ज्ञा' हा तिसरी. नी म्हणजे गुडघा आणि आपले 'जानु' यांचेही नाते तसेच आहे. मुकी अक्षरे अनावश्यक म्हणून जे लोक त्यांना रजा देऊ पाहतात त्यांनी आधी हा वंशवृक्ष पाहावा, असे मला वाटते.

येथवर वाचून ज्यांना एकाएकी उत्साह चढला असेल त्यांना आता आवर घालणे प्राप्त आहे. कारण पानिपतानंतर भाऊसाहेबांचे तोतये निघाले, तसे शब्दांचेही निघतात, आणि चेहरा सारखा दिसतो एवढ्यावरून त्यांना घरात घेतल्यास फसगत होते. पी-ई-डी ही तीन अक्षरे घ्या. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी, पेडल म्हणजे पायटा, इंपीड म्हणजे पायांत अडकवणे, अडथळा आणणे, एक्स्पेडाइट म्हणजे पाय मोकळे करणे, काम तातडीने उरकणे. येथे पेड म्हणजे संस्कृत 'पद', पाय. परंतु नवा रायपुरातील सत्यसाई संजीवनी रुग्णालयात ज्या लहान मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात, त्या पीडिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांचा पायांशी काडीचाही संबंध नाही. तेथील पेड हा 'मूल' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि पेडॅगॉजी म्हणजे अध्यापनशास्त्र व एन्सायक्लोपीडिया म्हणजे ज्ञानकोश हे त्याच्या घरचे. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील विद्यार्थ्याला तर तिसराच पेड भेटेल, कारण मृत्तिकाशास्त्राला पेडॉलॉजी म्हणतात आणि तेथे ग्रीक पेड म्हणजे जमीन. त्याच विद्यार्थ्याच्या पेस्टिसाइड, फंजिसाइड, हर्बिसाइड या शब्दांतील सी-आय-डी-ई चा अर्थ 'मारणे, कापणे'. डिसाइड, म्हणजे निर्णय घेणे, हाही त्यांचाच भाऊ, कारण निर्णय म्हणजे इतर पर्याय छाटून टाकणे. पण कोइन्साइड, म्हणजे एकाच वेळी घडणे, हा शेवटची चार अक्षरे तीच असूनही परका आहे. त्याचा धातू 'पडणे' हा, आणि अ‍ॅक्सिडेंट व इन्सिडेंट त्याच्या बाजूचे.

एम-ए-एन ने आरंभ होणाऱ्या शब्दांत माणूस शोधू नये. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅनेज, मँडेट या सर्वांत 'हात' आहे. मँडेट म्हणजे हाती सोपवलेले काम, म्हणून जनादेश. मॅन्शनमध्ये हातही नाही आणि माणूसही नाही, तेथे 'राहणे' हा धातू आहे, ज्यापासून रिमेन आणि पर्मनंट झाले. आय-एन हा उपसर्ग सर्वांत धोकेबाज, कारण तो कधी नकार सांगतो आणि कधी 'आत' असे सांगतो. इन्करेक्ट म्हणजे चुकीचे, हे ठीक. परंतु पेट्रोलच्या टँकरवर इन्फ्लेमेबल लिहिलेले वाचून जो निर्धास्तपणे विडी पेटवील तो व्याकरणाचा बळी ठरेल, कारण तेथे इन चा अर्थ नकार नव्हे. इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नसून अमूल्य, आणि इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नसून कुप्रसिद्ध.

उलट काही शब्द परके वाटतात आणि घरचे निघतात. पी-ओ-आर-टी म्हणजे वाहून नेणे. इंपोर्ट म्हणजे आयात, एक्स्पोर्ट म्हणजे निर्यात, बातमी परत वाहून आणणे तो रिपोर्ट, खालून उचलून धरणे तो सपोर्ट, आणि देशाबाहेर नेऊन सोडणे ते डिपोर्ट. विमानतळाच्या एअरपोर्टमधील पोर्ट 'बंदर' या अर्थाचा, तो निराळ्या पानावर लिहावा, पासपोर्टही तिकडचाच. पण शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर चालतो तो स्पोर्ट? तो डिस्पोर्ट या जुन्या शब्दाचे पुढचे अक्षर झडून उरलेला आहे, आणि त्याचा अर्थ मनाला कामधंद्यापासून दूर वाहून नेणे. तेव्हा त्याची जागा आयात-निर्यातीच्या पानावरच.

यासाठी तजवीज फार नको. एक जाड वही घ्यावी आणि तिच्या प्रत्येक डाव्या पानाच्या डोक्यावर एक धातू, त्याची अक्षरे व मराठी अर्थ लिहून खाली जागा कोरी ठेवावी. शब्द यादीतून उतरून घेऊ नयेत. वाचताना भेटतील तसे त्यांना त्यांच्या पानावर नोंदवावे, आणि ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य समोरच्या उजव्या पानावर उतरून ठेवावे, कारण धातूने अर्थाची दिशा कळते, मुक्काम वाक्यातच कळतो. प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब या दोहोंत 'लिहिणे' हाच धातू आहे, तरी पहिल्याने विहित ठरते आणि दुसऱ्याने निषिद्ध. हे वाक्याशिवाय कसे उमगावे? वाक्यांचा साठा घरबसल्या मिळतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली नागपुरात सुरू केलेल्या 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाची आवृत्ती रायपुरातून निघते. त्यातील अग्रलेख आणि सरकारी जाहिराती ही दोन सदरे रोज अर्धा तास वाचली तर चार-पाच नवे शब्द मिळतात, आणि दिवसाला तेवढे पुरेत. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील भाषेच्या पत्रिकेत हिंदी व छत्तीसगढीच्या जोडीला इंग्रजीही असते, तिला या वहीचा उपयोग यादीपेक्षा अधिक होईल, असे मी जबाबदारीने सांगतो.

कोश कोणता वापरावा, हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजी-मराठी कोश हाताशी असावाच, पण नोंदीच्या शेवटी शब्दाची व्युत्पत्ती देणारा इंग्रजी-इंग्रजी कोशही हवा, कारण तोतया ओळखण्याचे दुसरे साधन नाही. अक्षरे जुळली की कोशात पाहावे, आणि मूळ शब्द एकच निघाला तरच त्याला त्या पानावर जागा द्यावी. संस्कृत-मराठी बाजू पडताळायची झाल्यास कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्ति कोश ग्रंथालयात बसून चाळावा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला ज्यांच्या आजोबांच्या पेटीत अजून असतील त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. त्यांतील वाक्ये जुनी झाली, पण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अशी दुहेरी ये-जा करण्याची त्यांनी लावलेली सवय जुनी झालेली नाही.

वहीचे पहिले पान भरून झाले की दुसऱ्यासाठी मी एफ-ई-आर सुचवीन, कारण तो आपला 'भृ', भार वाहणारा, आणि त्याचे शब्द कचेरीत पदोपदी भेटतात: रेफर म्हणजे दुसऱ्याकडे निर्णयासाठी पाठवणे, डिफर म्हणजे पुढे ढकलणे, इन्फर म्हणजे अनुमान काढणे, कन्फर म्हणजे पदवी किंवा अधिकार बहाल करणे, आणि मंत्रालयातील ज्या कागदाची वाट सर्वांत अधिक उत्सुकतेने व सर्वांत अधिक धास्तीने पाहिली जाते तो ट्रान्सफरचा. येथे एक सूक्ष्म नियम आहे. ज्या शब्दात आघात शेवटच्या अवयवावर पडतो त्याचे भूतकाळी रूप करताना आर दुप्पट होते, म्हणून रेफर्ड, कन्फर्ड आणि ट्रान्सफर्ड यांत दोन आर; ऑफरचा आघात पहिल्या अवयवावर, म्हणून ऑफर्डमध्ये एकच; आणि रेफरचेच रेफरन्स झाले की आघात मागे सरकतो, तेव्हा तेथेही एकच आर राहते. बदलीचा अर्ज लिहिणाऱ्याने निदान एवढे पाहून घ्यावे.